उतरण नव्हे, खरेदी

जुन्या बाजारातून विकत घेतलेला कोट अंगात घातला, तर माणूस लाचार ठरतो का?

लगेच उत्तर देऊ नका. तुमचं उत्तर काय असेल ते मला ठाऊक आहे. बसमध्ये, कॉलेजच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या मांडवात तुमच्या नजरेत मी ते अनेकदा वाचलं आहे, आणि तुमच्या नजरेचं मला फारसं काही वाटत नाही. पण हाच प्रश्न एकदा आमच्या घरात विचारला गेला. ज्या माणसाचा मी सगळ्यांत जास्त आदर करते त्याने तो विचारला, आणि त्याचं उत्तर 'हो' असं होतं. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. नाशकातल्या एका लहानशा छापखान्यात ते खिळे जुळवायचे. दिवसभर लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलं, आणि संध्याकाळी, मालकाची मर्जी असली तर, चळवळीची पत्रकं. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवरून. गुलाबी, पिवळा, पोपटी असा स्वस्तातला कागद, बोटाला लागणारी शाई, आणि प्रत्येक वाक्य कुणाला तरी जाब विचारणारं. इतर मुलींच्या घरी गोष्टींची पुस्तकं होती. आमच्या घरी मागण्या होत्या.

आणि एक कायदा होता. कुणाचंही उतरलेलं कापड आमचा उंबरा ओलांडून आत येणार नाही.

हा कायदा उगाच आलेला नव्हता. अण्णांचं लहानपण पिंपळगाव बसवंतच्या अलीकडच्या एका खेड्यात गेलं. तिथे कुणी मेलं की मढ्यावरचं कापड आमच्या लोकांच्या वाट्याला यायचं. तशाच एका कापडाची बंडी आजीने त्यांना शिवली होती. ती घालून ते शाळेत गेले, आणि वर्गातल्या एका पोराने ती ओळखली. हे आमच्या आज्यावर घातलेलं कापड आहे, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. अण्णांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली. पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढे आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला, तेव्हा शिळी भाकर सुटली, मेलेलं ढोर ओढणं सुटलं आणि उतरलेलं कापडही सुटलं. अण्णा म्हणायचे की पहिल्या दोन गोष्टी सगळ्यांना आठवतात, तिसरी लोक सोयीने विसरतात.

ते विसरले नाहीत. शाळेतल्या एका बाईंनी माझ्या हातात त्यांच्या मुलीचा झगा दिला होता. खरंच सुंदर झगा होता तो, कॉलरला लेस लावलेली. अण्णांनी तो आईकडून धुऊन घेतला, स्वतः इस्त्री केली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन, वर एक पत्रक ठेवून, बाईंना परत दिला. बाई महिनाभर माझ्याशी तुटक वागल्या. मी मात्र त्या दिवशी ताठ चालत घरी आले. आम्हाला कपडे थोडे होते, पण सगळे पहिल्यांदा आमच्याच अंगाला लागलेले होते.

अशा घरात माझी आत्या राहायला आली.

आत्या अण्णांची थोरली बहीण. इगतपुरीच्या पलीकडे, भाताच्या खाचरांत तिचं सासर. मूलबाळ झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि आत्याला चुलीपासून गोठ्यापर्यंत ढकलत नेलं. एका सकाळी ती गोठ्यातून निघाली ती सरळ रेल्वे स्टेशनवर आणि तिथून आमच्याकडे. सोबत बोचकं नव्हतं. आईने विचारलं की सामान कुठे आहे, तर म्हणाली, हात आणलेत दोन्ही.

त्या हातांचा अर्थ आम्हाला आठवडाभरात कळला. अण्णा छापखान्यातून कागदाची कात्रणं आणि बिघडलेली पत्रकं घरी आणायचे, आई त्यांनी चूल पेटवायची. आत्याने तिला थांबवलं. रंगीत कागद बाजूला काढले, बाकीचे घंगाळात भिजत घातले. चांगले मऊ झाल्यावर पाट्यावर वाटले, त्यात मेथीची पूड आणि चिंचोक्याची खळ कालवली. मग एक पातेलं पालथं घालून त्यावर तो लगदा थापत गेली, भाकरी थापावी तसा, कडेला पातळ आणि बुडाला जाड. ऊन खाऊन सुकल्यावर पातेलं अलगद बाहेर आलं आणि हातात राहिली टोपली. मेथीमुळे तिला कीड लागत नाही. वर तिने रंगीत पत्रकं चिकटवली. अण्णा घरी आले, टोपली हातात घेऊन बघत राहिले, आणि त्यांच्यातला खिळे जुळवणारा जागा झाला. मथळा उलटा लागलाय, असं ते म्हणाले.

"टोपली पालथी कर ना, भाऊ," आत्या म्हणाली. "सरळ वाचता येतंय का नाय?"

अण्णा हसले. ते फार कमी हसायचे.

कागदावर त्यांचा आक्षेप नव्हता. उलट त्यांना ते कामच आवडलं. वैशाख पौर्णिमेला विहारासाठी आत्याने कंदील केले, कागदाची कमळं केली, तेव्हा अण्णा दारोदारी सांगत फिरले की माझ्या ताईने केलेत. आमच्या वसाहतीतल्या बायका टोपल्या मागायला लागल्या. मी शाळेतून आले की खळ ढवळायला बसायचे. कात्रीने पाकळ्या कापताना आत्या कागद फिरवायची, कात्री नाही. मला ते जमायला फार वेळ लागला, पण जमल्यावर जो आनंद झाला तो परीक्षेत कधी झाला नाही.

मग कागद कमी पडायला लागला, आणि आत्या मला बुधवारच्या बाजारात घेऊन गेली.

गंगेवर, म्हणजे नाशकातल्या नदीकाठी, भरणारा तो बाजार तुम्ही पुलावरून पाहिला असेल, नाकाला रुमाल लावून. खाली उतरून बघा कधी. पोत्यांवर, फाटक्या सतरंज्यांवर, नुसत्या फरशीवर अख्ख्या शहराचं पोट उघडं पडलेलं असतं. काटे नसलेली घड्याळं, घड्याळं नसलेले पट्टे, पितळी दौत, कुलूप हरवलेल्या किल्ल्यांचा ढीग, कुणाच्या तरी दिवाणखान्यातला काचेचं बदक. माझ्यासारख्या मुलीला, जिच्या घरात प्रत्येक वस्तूला एक कारण लागायचं, तिथे पहिल्यांदा कळलं की वस्तूशी नुसतं खेळताही येतं. मी एकदा तडकलेलं भिंग घेतलं. आत्याने फाटका नकाशा घेतला, कुठल्यातरी जिल्ह्याचा, आणि त्याचा कंदील केला. दिवा लावल्यावर आमच्या भिंतीवर नद्या पडल्या.

बाजारात कसं वागायचं याचेही नियम होते, आणि ते मला आत्याने आणि एका बोहारणीने शिकवले. ही बोहारीण दारोदार स्टीलची भांडी देऊन जुने कपडे घ्यायची आणि बुधवारी ते विकायला बसायची. तिच्या तोंडात कायम मिश्री असे आणि गिऱ्हाइकाला ती सरळ सरळ टोमणे मारत असे. तिने मला सांगितलं होतं की जे हवंय त्याच्याकडे बघायचं नाही. शेजारचं उचलायचं, त्याला नावं ठेवायची, उठायचं, आणि जाता जाता हवं ते विचारायचं, जणू तुमच्या बकरीला पाहिजे. कापड घेताना ते उजेडासमोर धरायचं. काठ चाचपायचा, शिवण उलटवायची, काखेत बघायचं. कापड खोटं बोलतं, म्हणायची, पण शिवणीला खोटं बोलता येत नाही.

थंडी पडायला लागली होती तेव्हा आत्याने तिच्याकडून तो कोट घेतला. पुरुषी, तपकिरी, जाड लोकरीचा. कोपरं झिजलेली, अस्तर फाटलेलं. त्या घासाघिशीत मी अर्धी लाजले, अर्धी हसले.

"साहेबाचा कोट हाय, बाई," बोहारीण म्हणाली. "घालून कचेरीत गेलीस तर शिपाई सलाम ठोकंल."

"साहेबाला उंदीर चावले व्हते का? अस्तर बघ."

"तू काय अस्तर दाखवत फिरणार हायेस?"

"मी उलटाच शिवणार हाय. मग तुझा साहेब आत आन मी भायेर."

बोहारीण इतकी हसली की भाव उतरला.

आत्याने खरोखर सगळा कोट उसवला, लोकरीची न झिजलेली बाजू वर घेतली आणि पुन्हा शिवला. झिजलेल्या कोपरांची बाजू आत गेली. फाटक्या अस्तराच्या जागी माझ्या जुन्या परकराचं अस्तर आलं. त्यावर तिने कात्री आणि खळीचा कुंचा ठेवायला मोठे खिसे लावले. लुगड्यावर तो कोट घालून ती अंगणात उभी राहिली तेव्हा आईलाही हसू आवरेना.

अण्णा संध्याकाळी आले आणि त्यांनी खुंटीवर कोट पाहिला. कुठून आला, विचारलं. आत्याने सांगितलं. पुढचं मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण ते ओरडले नाहीत. मेलेल्याच्या अंगावरचं असू शकेल हे, एवढंच म्हणाले. आत्या म्हणाली, असंल. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. दुसऱ्याने टाकलेलं अंगात घातल्यावर आपण आणि आपले बाप यांत फरक काय राहिला? लाचारीच ना?

मी तेव्हा अण्णांच्या बाजूने होते, की आत्याच्या, हे मला सांगता आलं नसतं. त्यांच्या प्रश्नातली बंडी मला दिसत होती आणि समोरचा कोटही दिसत होता.

आत्या उलट आणखी एक गोष्ट सांगून मोकळी झाली. तिला बुधवारच्या बाजारात बसायचं होतं. गिऱ्हाईक म्हणून नव्हे, विकायला. टोपल्या, कंदील, फुलं, नकाशाच्या पिशव्या. बोहारीण शेजारी जागा द्यायला तयार होती.

अण्णांनी साफ नकार दिला. विहारात विक, शाळेच्या प्रदर्शनात ठेव, मी तुला टेबल आणून देतो, म्हणाले. पण शहराच्या उतरणीच्या ढिगात माझी बहीण बसणार नाही. मी आहे तोवर तुला कमी पडू देणार नाही. मी पोसेन.

"पोसलेली गाय आन पोसलेली बहीण," आत्या म्हणाली. "दावं दोघींच्या गळ्यात असतं, भाऊ."

त्यानंतर घरात बोलणं तुटलं. आत्याने टोपल्या करणं थांबवलं. आईशी हळूच बोलली की भावाच्या घरात शब्द मोडून राहणं बरं नाही, आणि शब्द पाळून राहणं जमणार नाही. कुठे जाशील, आईने विचारलं. आत्याने इगतपुरीकडे हात केला. आई रडली. मला त्या दिवशी कळलं की खुंटीवर नुसता कोट टांगलेला नाही. आत्या नाशकात राहते की परत त्या गोठ्यात जाते, हे तिथे टांगलेलं आहे.

आईने तिला पावसाळ्यापर्यंत कसंबसं धरून ठेवलं, आणि आवणीच्या तोंडावर सासरचा निरोप आलाच. निरोप काय, माणसंच आली. आत्याचा दीर आणि त्यांच्यातला एक म्हातारा. भाताची रोपं लावायला हात हवे होते, आणि हे हात मजुरी मागत नव्हते. पण तसं कुणी म्हणत नसतं. दीर म्हणाला, घर ते घर, दोघी बहिणींसारख्या नांदतील, झालं गेलं गंगेला मिळालं. म्हाताऱ्याने अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं की तुमची पोरगी वाढतेय, घरात टाकलेली बहीण ठेवलीत तर लोक विचारतील. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी जाब विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या ओट्यावर शब्द सापडत नव्हता. आत्या परत जाऊ नये असं त्यांना वाटत होतं, हे मी शपथेवर सांगते. पण ती इथे राहून काय करणार, याचं तिने दिलेलं उत्तर त्यांनीच नाकारलं होतं.

परत न्यायच्या बाईला लुगडं नेसवून न्यायचं, ही रीत. दिराने पिशवीतून साडी काढली. डाळिंबी रंगाची, कडक खळ केलेली, कागदात गुंडाळलेली. ओट्यावर शेजारपाजार जमला होता. बाया म्हणाल्या, छान आहे. आत्याने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर पुढे करून साडी घेतली.

मला वाटलं, संपलं.

पण तिची बोटं सवयीने काठावर गेली. काठ चाचपला. फॉल उलटवून पाहिला. मग उठून उंबऱ्याशी गेली आणि पदराची बाजू उजेडासमोर धरली. मी तिच्या शेजारी उभी होते. खांद्यावर पिन लावतात त्या जागी बारीक भोकांचा पुंजका होता, चाळणीसारखा. नऊवारी नेसणारी माझी आत्या, तिने जन्मात खांद्याला पिन लावली नव्हती.

"ही नेसलेली हाय," ती म्हणाली.

"नाय वहिनी," दीर म्हणाला. "दुकानातून आणलीया. नवी कोरी."

"दुकानातनंच आणली असंल. कुणासाठी आणली व्हती?"

दीर म्हाताऱ्याकडे बघायला लागला. शेवटी म्हणाला की धाकट्या वहिनीने एक-दोनदाच अंगाला लावली, पुष्कळ भारी साडी आहे, अजून वर्षानुवर्षं जाईल, त्यात एवढं काय. घरातल्या घरात तर आहे.

आत्याने साडीची घडी घातली. नीट, सावकाश, काठाला काठ जुळवून. आणि ती अण्णांपुढे धरली.

"भाऊ, हे बघ. उतरण ही असती." मग खुंटीकडे मान केली. "त्यो माझा कोट हाय."

अण्णा उठले. त्यांनी साडी घेतली, दिराच्या पिशवीत घातली आणि पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. आमच्या घरात उतरलेलं कापड येत नाही, असं ते म्हणाले. शाळेतल्या बाईंना सांगितलं असेल त्याच आवाजात. म्हातारा रीतीबद्दल काहीतरी बोलायला लागला. अण्णांनी त्याला पाणी विचारलं, म्हणजे आता निघा.

यानंतर त्यांचं मन पालटलं, त्यांनी बहिणीची माफी मागितली, असं लिहिलं तर गोष्ट गोड होईल आणि खोटी होईल. त्यांनी पुढच्या बुधवारी जा असं म्हटलं नाही. फक्त नको म्हटलं नाही. त्या दिवशी पावसाची उघडीप होती. आत्याने कोट घातला, टोपल्या एकात एक रचल्या, कंदील माझ्या हातात दिले आणि आम्ही निघालो. बोहारणीने शेजारचं पोतं झटकून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी लोक येत, टोपली उचलून बोटाने टिचकी मारत, कागदाची आहे म्हणून हसत, निघून जात. दुपारी आदिवासी वाटणारी एक बाई आली, पेठ तालुक्याकडची असावी. तिने आधी कंदिलाला नावं ठेवली, उठली, आणि जाता जाता टोपलीचा भाव विचारला. आत्या आणि बोहारीण एकमेकींकडे पाहून जे हसल्या, ते हसू मी कधी विसरणार नाही. बाजाराने आत्याला बाजाराच्या भाषेत दाद दिली होती.

आत्या अजून तिथे बसते. वसाहतीतच वेगळी खोली घेऊन राहते, आणि सणाला भावाला जेवायला बोलावते. अण्णा जातात. बाजारात मात्र त्यांनी आजवर पाऊल टाकलेलं नाही. मी कॉलेजात गेल्यावर तो कोट आत्याने मला दिला, त्यासाठी मला तिच्याशी घासाघीस करावी लागली. विहारात येताना तो काढून ये, असं अण्णा मला सांगतात. मी काढत नाही. त्यांच्या अंगावरची बंडी त्यांना कुणीतरी वरून हात करून दिली होती, ते नाही म्हणू शकत नव्हते. माझा कोट आत्याने खाली बसून, उलटून पालटून, नाक मुरडून निवडला, आणि पटला नसता तर तिथेच टाकून ती उठली असती. नाही म्हणता येणं, एवढाच तो फरक. माणूस लाचार होतो तो जुन्या कापडाने नव्हे, नाही म्हणायची सोय काढून घेतली की होतो. अण्णांना हे पटतं की नाही, ते सांगत नाहीत. मी त्यांच्याशी वाद घालत राहणार आहे. तेही त्यांनीच शिकवलं.

आता तुमच्याकडे एक मागणं. यंदाच्या दिवाळीत कपाट आवराल तेव्हा तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईच्या हातात जुनी साडी ठेवू नका. तिच्यासमोर तुम्ही ती पुढे कराल तेव्हा तिला नाही म्हणता येणार नाही, आणि हे तुम्हाला माहीत आहे. तिचा सणाचा हक्क तिला रोख द्या. साड्या बोहारणीला घाला, किंवा बुधवारी स्वतः गंगेवर या, पोतं अंथरा आणि त्या विकायला बसा. आम्ही येऊ. काठ चाचपू, उजेडासमोर धरू, नावं ठेवू. पटलं तर घेऊ, नाही तर तुमच्या पुढ्यात टाकून पुढे जाऊ. तेवढी तयारी करून या.